श्रद्धा आणि जगणं (लेखांक ५) : रमाबाईंनी कुणाचं ऐकलं?

मागच्या लेखांकात नीलकंठशास्त्री गोरे यांची ओळख करून घेतली. काशीत वाढलेले हे शास्त्री पुढे फादर नेहेम्या गोरे झाले. इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंच्या शंका ज्यांच्या लिखाणाने बऱ्याच अंशी फिटल्या, ते हेच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज या गावी रमाबाईंनी आणि त्यांच्या छोट्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराची हकिकत बहुतेक ठिकाणी इथेच संपते. मला मात्र त्यानंतरची वर्षं फार महत्त्वाची वाटतात. ख्रिस्ती म्हणून खरेपणाने जगायचं तर शेवटचा शब्द कुणाचा मानायचा, हा प्रश्न रमाबाईंपुढे बाप्तिस्म्यानंतरच उभा राहिला. आजही आपल्या मंडळीत जन्मलेल्या आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकापुढे तो असतो. फरक इतकाच, की आपण त्याला बगल देतो आणि रमाबाईंनी दिली नाही.

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. पत्रांतला वाद मात्र अगदी चुरशीचा आहे. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा उरलेला अभिमान दिसे. रमाबाईंचं म्हणणं असं, की ख्रिस्ताच्या आज्ञेआड न येणाऱ्या पूर्वजांच्या चालीरीती मी पाळीन. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्या माणसांना ती कशी कळणार, संस्कृत का नको, असंही त्यांनी विचारलं. त्र्यैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसचा मतांगीकार हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं, तर तसं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पटलेलं नसताना ओठांनी म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी मुलग्यांनाही शिकवावं, अशी कल्पना निघाली. ते गैर आहे, याने हिंदुस्थानात त्यांची पत जाईल, असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं. रमाबाई दुखावल्या. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, गावकीचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं होतं, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं होतं. त्यांच्या लेकीने भरसभेत पुरुषांपुढे पुराण सांगितलं होतं, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली होती. सनातनी बापाने जे कधी अडवलं नाही, ते ख्रिस्ती धर्मगुरू अडवत होते. कुठल्याही बिशपाच्या किंवा मठाच्या हाती मी माझी सदसद्विवेकबुद्धी सोपवलेली नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

जेराल्डीनबाईंना खलनायिका ठरवणं अन्यायाचं होईल. त्यांची माया खरी होती, आणि भीतीही खरी होती: मंडळीच्या शिकवणीचा आधार सुटला तर ही बुद्धिमान मुलगी वाहवत जाईल. मंडळीबाहेर एकट्याने श्रद्धा टिकवणं किती अवघड असतं, हे अनुभवी सिस्टरला ठाऊक असणार. हा सगळा पत्रव्यवहार, स्वतःविरुद्धची पत्रंसुद्धा, जेराल्डीनबाईंनीच जपून संकलित केला. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने छापला. मराठी ख्रिस्ती माणसाने तो जरूर वाचावा.

सिस्टरांच्या एका गोष्टीपुढे मात्र रमाबाई निःशंक नमल्या होत्या. बाप्तिस्म्याआधी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातला एक आश्रम दाखवण्यात आला. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांची तिथे आपुलकीने सेवा चाले. अशा बायकांना शास्त्रांत काय शिक्षा सांगितल्या आहेत, हे रमाबाईंना पाठ होतं. ही माया आली कुठून, असं विचारल्यावर त्यांच्यापुढे योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडण्यात आला, विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीचा. मतांगीकारावर वाद घालणाऱ्या रमाबाईंनी या अध्यायाशी कधी वाद घातला नाही.

हिंदुस्थानात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा आणि अट धर्मनिरपेक्षतेची. मुलींना आपापले आचार पाळता यावेत, अशी व्यवस्था होती. ही अट त्यांनी मनापासून मान्य केली होती. पण त्यांची स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून चाले. मुली येऊन बसत. दार लावून घ्या, असं सुचवणारे हितचिंतक होते. त्यांनी लावलं नाही. मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ मध्ये वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर विश्वासघाताचा आरोप आजही होतो. माझं मत असं, की दार लावून त्यांनी प्रार्थना केली असती, तर ती मुलींशीच लबाडी झाली असती. पण ज्या आईबापांनी त्या अटीच्या भरवशावर मुली पाठवल्या, त्यांचं दुखणंही खोटं नव्हतं.

या सगळ्याच्या मध्ये, १८९१ च्या सुमारास, एक गोष्ट घडली, आणि ती त्यांनी आपल्या साक्षीत स्वतः नोंदवली आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. जगभर ख्रिस्ती विदुषी म्हणून नाव झालेलं असताना हे लिहायला किती धैर्य लागलं असेल! उपासना चुकवली नाही, वर्गणी भरली, म्हणजे झालं, असं मानणाऱ्या आपल्यापैकी कितीजण असं बोलून दाखवतील?

पुढे काय झालं ते केडगावात दिसतं. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील दुष्काळाच्या उपासमारीत गमावलेल्या रमाबाईंना त्या मुलींच्या पोटातली आग सांगावी लागली नाही. त्यांनी केडगावात उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये विहिरी खणल्या गेल्या, शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला, आंधळ्या मुली ब्रेल शिकल्या. फुलहॅममध्ये पाहिलेलं ‘कृपासदन’ म्हणून तिथे उभं राहिलं. बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकशी झुंज घेतली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्याआधी ते काम हातावेगळं केलं.

शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न केडगावच्या सुरुवातीच्या दिवसांतही पुन्हा उभा राहिला होता. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना सरकारी इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहिलं. ‘बॉम्बे गार्डियन’ ख्रिस्ती पत्र, राज्यकर्ते ख्रिस्ती, आणि लिहिणारीही ख्रिस्ती. गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या आपल्या माणसांनी पाठ फिरवली होती, आता सरकारनेही फिरवली. रमाबाई मात्र तोवर दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावात कामाला लागलेल्या होत्या.

(क्रमशः)