फुंकर, पाणी आणि धनुर्वात

मंठ्याच्या काळ्या मातीत खेळताना गुडघा खरचटला की पोर आईकडे धावतं. आई फुंकर घालते, भोवती हात फिरवते. ही नुसती समजूत नव्हे. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे संदेश जाड मज्जातंतूंतून वेगाने येतात आणि वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवतात. दुखणं खरोखर कमी होतं. फुंकर मात्र थेट जखमेवर नको, तोंडातले जंतू जातात. हात फिरवणं पुरे.

रक्ताला घाबरू नका. स्वच्छ कापडाने १० मिनिटं न उघडता दाबलं की बहुधा थांबतं.

खरी काळजी मातीची. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू माती-शेणात वर्षानुवर्षं टिकतात. खोल जखमेत ऑक्सिजन पोचत नाही, तिथे ते वाढतात आणि विष तयार करतात. म्हणून आधी वाहतं पाणी आणि साबण. राख, चुना, तंबाखू मुळीच नको; डब्यातली हळदसुद्धा निर्जंतुक नसते.

बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं असताना धनुर्वाताची लस, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५-६ वर्षांत बूस्टर. सरकारी दवाखान्यात सगळं मोफत. लसीकरणाचं कार्ड आजच काढून पाहा. गंजका असो वा नवा, खिळा खोल घुसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.