बिलिंग ॲप बनवून घेताय? उत्तरं तुम्ही लिहा, टेस्ट डेव्हलपर लिहील



"ॲप ओके आहे, मी चेक केलंय," असं डेव्हलपर सांगतो. बहुतेक वेळा त्याने दोन-तीन बिलं काढून बघितलेली असतात. पुढच्या महिन्यात तो डिस्काउंटचं बटण टाकतो आणि टॅक्सचा हिशोब कुठेतरी बिघडतो. काउंटरवर हे कळत नाही, रिटर्न भरताना कळतं. तोवर ग्राहकाकडून कमी घेतलेला टॅक्स आपल्या खिशातून गेलेला असतो.

यावर उपाय आहे ऑटोमेटेड टेस्ट. कोड बदलला की कॉम्प्युटर स्वतःच ठरलेली बिलं काढतो आणि उत्तरं ताडून बघतो. टेस्टचा कोड डेव्हलपर लिहील, पण बरोबर उत्तर काय ते दुकानदारानेच सांगायचं.

उदाहरणाला रेडिमेड कपड्यांचं दुकान घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॅक्स सोडून एका नगाची किंमत ₹२,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के.

१. सीमेवर तपासा. ₹१,२०० च्या शर्टाने फारसं काही कळत नाही. ₹२,५०० चं बिल ₹२,६२५ यायला हवं आणि ₹२,५०१ चं ₹२,९५१.१८. चूक लपते ती इथेच.

२. उत्तर कॅल्क्युलेटरवर काढा. टेस्टमध्ये ॲपचाच फॉर्म्युला वापरला, तर दोघंही एकच चूक करतील आणि टेस्ट पास होईल!

३. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट. ₹२,७०० च्या कुर्त्यावर बिलातच १० टक्के सूट दिली की किंमत ₹२,४३०. म्हणजे टॅक्स ५ टक्क्यांनी ₹१२१.५०. टेस्टचं नावही तसंच सरळ ठेवा: "सूट दिल्यावर किंमत २,५०० च्या आत आली तर ५ टक्के". फेल झाली की नाव वाचूनच गडबड कुठे आहे ते कळलं पाहिजे.

४. आजच्या तारखेवर सोडू नका. तारीख टेस्टमध्येच लिहा. ₹१,५०० च्या शर्टावर २१ सप्टेंबर २०२५ ला टॅक्स ₹१८०, दुसऱ्या दिवशी ₹७५. आणि २१ तारखेचा शर्ट ग्राहकाने नंतर परत आणला तर? क्रेडिट नोट जुन्याच दराने निघाली पाहिजे. यासाठी वेगळी टेस्ट ठेवा.

५. प्रत्येक टेस्ट स्वतंत्र हवी. एका टेस्टने टाकलेला माल दुसरीने वापरायचा नाही. खरं यूपीआय पेमेंटही नको, तिथे डमी उत्तर ठेवायला सांगा. नाहीतर नेट गेलं की टेस्ट फेल! कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टकडे चार दिवसांनी कोणी बघतही नाही.

६. चूक सापडली की आधी टेस्ट, मग दुरुस्ती. आधी ती टेस्ट फेल होताना बघायची, दुरुस्तीनंतर पास होताना. मग तीच चूक परत आली तर लगेच पकडली जाईल.

आता वही घ्या आणि तुमच्या दुकानातली दहा अवघड बिलं उत्तरांसकट लिहून काढा. सूट, परत आलेला माल, सीमेवरची किंमत, सगळं घ्या. एखाद्या दराबद्दल शंका असेल तर सीएला विचारा. ही यादी काम देतानाच डेव्हलपरच्या हातात द्या आणि शेवटचा हप्ता देण्याआधी दहाही टेस्ट समोर चालवून दाखवायला सांगा.

तुमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड बिल कोणतं? कमेंटमध्ये नक्की लिहा!