दूरदेशीचे एक सत्र

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग नावाचे गाव आहे. भोवताली काळ्या मातीची शेते, थंडीच्या दिवसांत त्यांत डोलणारी ज्वारी, आणि मराठीच्या जोडीला कानांवर पडणारी कानडी बोली. सीमेजवळच्या गावांचे हे नेहमीचे रूप येथेही दिसते. या गावात एक विहीर आहे. दिसावयास ती चारचौघींसारखीच. परंतु १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले आणि दलित वस्तीतील या विहिरीचे पाणी त्यांच्या हस्ते लोकांसाठी खुले झाले. ज्या काळी पाणवठ्यावर जाण्याचा हक्कदेखील जात पाहून ठरत असे, त्या काळी स्वतःच्या विहिरीतून, कोणापुढेही हात न पसरता, घागरभर पाणी काढता येणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता कोणी विचारील की, वळसंगच्या विहिरीचा आणि सातासमुद्रापलीकडील विद्यापीठाचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. या विहिरीशी उभे राहिलेले बाबासाहेब त्यापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १९१३ साली, न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाले होते. परक्या देशात शिकण्याने माणसाला काय मिळते, त्यासाठी काय सोसावे लागते आणि परत आल्यावर त्या शिक्षणाचे काय करावयाचे असते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या विद्यार्थिदशेत सापडतात.

विद्येसाठी देशांतर करण्याची चाल फार जुनी आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू वाळवंटे आणि पर्वत ओलांडून नालंदा येथे आला. तेथे त्याने अनेक वर्षे अध्ययन केले आणि आपल्या प्रवासात महाराष्ट्र देशही पाहिला. पुढे काळ पालटला आणि आपले विद्यार्थी बाहेर जाऊ लागले. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजात बसून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी परदेशी जाणे म्हणजे वर्षानुवर्षांचा वियोग असे. पत्राचे उत्तर येण्यास महिने लागत. मायदेशी परतल्यावर अल्पकाळातच, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाईंचा अंत झाला.

आजच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक वाट खुली आहे. तिला विद्यार्थी-विनिमय असे म्हणतात. विनिमय म्हणजे देवघेव. दोन विद्यापीठे आपसांत करार करतात. इकडचे काही विद्यार्थी तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात. वर्षाचे सामान्यतः दोन भाग असतात. त्यांतील एका भागास सत्र म्हणतात. विनिमयावर गेलेला विद्यार्थी असे एक किंवा दोन सत्रे परदेशी विद्यापीठात शिकतो आणि पुन्हा आपल्या विद्यापीठात येऊन पदवी पुरी करतो. पुष्कळ करारांत अशी सोय असते की, शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरावयाचे आणि परदेशी विद्यापीठाने ते निराळे मागावयाचे नाही. तथापि प्रवास, निवास, भोजन आणि विमा यांचा भार विद्यार्थ्यावर अथवा त्याला मिळालेल्या शिष्यवृत्तीवर पडतो.

तेथे केलेला अभ्यास येथे मोजावयाचा कसा, हा यातील कळीचा प्रश्न होय. यासाठी श्रेयांकांची पद्धत उपयोगी पडते. शेतकरी आपले धान्य मापाने मोजून देतो, तसा विद्यार्थ्याचा अभ्यास श्रेयांकांनी मोजला जातो. युरोपातील पद्धतीप्रमाणे एका वर्षाच्या पूर्ण अभ्यासास ६० श्रेयांक, म्हणजे एका सत्रास ३० श्रेयांक धरतात. आणि एका श्रेयांकामागे सुमारे २५ ते ३० तासांचे काम असावे अशी अपेक्षा असते. या तासांत व्याख्याने ऐकणे, ग्रंथालयात वाचणे, निबंध लिहिणे आणि परीक्षेची तयारी करणे हे सारे येते. निघण्यापूर्वीच कोणते विषय घ्यावयाचे आणि ते येथे कोणत्या विषयांऐवजी धरले जातील, हे दोन्ही विद्यापीठांकडून लेखी ठरवून घ्यावे लागते. ही दक्षता न घेतल्यास परत आल्यावर तोच अभ्यास पुन्हा करण्याची पाळी येते.

युरोपात १९८७ साली अशा विनिमयाची एक मोठी योजना सुरू झाली. डच विद्वान इरॅस्मस हा विद्येसाठी अनेक देशांत राहिला होता. त्याचेच नाव तिला दिलेले आहे. जर्मनीत १९२५ पासून विद्यार्थी-विनिमयाचे काम करणारी संस्था आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात १९५० साली करार होऊन फुलब्राइट शिष्यवृत्त्यांचा मार्ग मोकळा झाला. सोलापूर जिल्ह्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २००४ साली. तेव्हा वळसंगसारख्या गावातून शिकावयास निघालेल्या मुलामुलींना ही वाट अगदीच अनोळखी राहिलेली नाही. पारपत्र, प्रवेशपरवाना, भाषेची परीक्षा आणि पैशाची तरतूद हे टप्पे मात्र प्रत्येकाला ओलांडावे लागतात, आणि त्यांची तयारी बरेच महिने आधी करावी लागते.

बाबासाहेब आजच्या अर्थाने विनिमयावर गेलेले विद्यार्थी नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती, आणि तिच्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचे त्यांनी लिहून दिले होते. रक्कम बेताची आणि शहर महागडे. त्यातच घरी पत्नी रमाबाई आणि कुटुंब. तुटपुंज्या रकमेतून काही भाग घरी पाठवावा लागे; म्हणून पोटाला चिमटा घेऊन दिवस काढणे भाग होते.

नव्या देशात पहिले काही आठवडे अवघड जातात. अन्न रुचत नाही, उच्चार कळत नाहीत, थंडी अंगाला झोंबते. येथे सूर्य उगवतो तेव्हा न्यूयॉर्कला आदली संध्याकाळ असते. त्यामुळे घरी दोन शब्द बोलावयाचे झाले तरी वेळ पाहावी लागते. बाबासाहेबांनाही वसतिगृहातील जेवण मानवले नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी ती जागा सोडली आणि काही काळ हिंदी विद्यार्थी जेथे राहत तेथे ते राहिले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले. या सोबतीतून जन्माची मैत्री जुळली. परदेशात माणूस एकटा पडतो हे खरे. परंतु त्याच एकटेपणात जात, प्रांत आणि भाषा यांच्या भिंती ओलांडून तो दुसऱ्याशी बोलू लागतो हेही तितकेच खरे.

शिकण्याच्या पद्धतीतही अंतर असते. आपल्याकडे पुष्कळदा पुस्तक पाठ करून वर्षाच्या शेवटी उत्तरपत्रिका लिहिण्यावर भर असतो. तेथे प्राध्यापक आठवडाभराचे वाचन आधी सांगतात आणि वर्गात त्यावर विद्यार्थ्याचे मत विचारतात. मत विचारले असता गप्प बसणे हा तेथे विनय समजला जात नाही. दुसऱ्याच्या ग्रंथातील वाक्य त्याचा उल्लेख न करता आपले म्हणून लिहिणे हा तर मोठा अपराध मानतात. काही वर्गांत विद्यार्थ्याने स्वतः निबंध लिहून सर्वांसमोर वाचावयाचा असतो आणि इतरांनी त्यावर शंका काढावयाच्या असतात. नव्या विद्यार्थ्यास प्रथम भीती वाटते. पण शंकेला उत्तर देता देता त्याचा विचार घासून पुसून लख्ख होतो.

बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेतला. परंतु इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांच्या वर्गांतही ते बसले. अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे गुरू. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची एक रीत नसून माणसांनी एकमेकांच्या सहवासात, अनुभवांची देवघेव करीत जगण्याची पद्धत होय, हा ड्युई यांचा विचार बाबासाहेबांच्या मनात खोल रुजला. रिकामा वेळ सापडला की ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात आणि खाण्यापिण्यातून वाचविलेल्या पैशांचे ग्रंथ घेत. १९१५ साली ते एम्. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जातिसंस्था कशी निर्माण झाली आणि कशी टिकून राहिली, याचा त्यात विचार होता. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जातीचा जाच त्यांनी भोगला तो आपल्या देशात. पण त्या जाचाच्या मुळाशी काय आहे, याची शास्त्रशुद्ध चिकित्सा त्यांनी परदेशाच्या भूमीवर लिहिली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यास डोंगराचा आकार दिसत नाही. तो पाहावयास चार कोस दूर जावे लागते. परदेशी शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. तेथील उंच इमारती पाहून डोळे दिपून जाणे हा लाभ नव्हे. जे आजवर जन्मसिद्ध आणि अटळ वाटत होते, ते तसे नाही, जगात लोक निराळ्या रीतीनेही राहतात, हे प्रत्यक्ष कळणे हा लाभ होय. मात्र जो विद्यार्थी तेथेही केवळ आपल्याच गावच्या लोकांत बसतो, त्याला हा लाभ होत नाही. आणि जो तेथील सारेच चांगले व आपले सारेच वाईट असे ठरवून टाकतो, त्यालाही तो होत नाही. तुलना करावयाची तर दोन्ही पारडी समोर हवीत.

परतीची वाट जाण्याच्या वाटेपेक्षाही कठीण असू शकते. न्यूयॉर्कहून बाबासाहेब लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांनी पुस्तके दुसऱ्या जहाजाने पाठविली होती. ते जहाज पाणतीराच्या माऱ्याने बुडाले आणि कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्राने गिळले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर गेले, तर तेथे त्यांना राहावयास कोणी जागा देईना. इंग्लंड-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ती जाणीव बडोद्याने एका दिवसात परत दिली. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. परंतु जात कळताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले.

विचार करा, दुसऱ्या कोणाचे मन येथे खचून गेले असते. ज्या देशात मान मिळतो तेथेच परत जाऊन राहावे असेही एखाद्याला वाटले असते. बाबासाहेब १९२० साली पुन्हा परदेशी गेले खरे. परंतु ते अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या जुन्या सोबत्याने दिलेले कर्ज, यांवर त्यांनी लंडनमधील शिक्षण पुरे केले आणि १९२३ साली ते मायदेशी परतले. पुढे १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी आपल्या अनुयायांसह प्राशन केले; आणि त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे विद्येचा अर्थ उमगतो. पहिलीत विद्येचा उपयोग आहे, दुसरीत तिचा गौरव आहे.

आज एका सत्रासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला इतके सोसावे लागत नाही. विमान एका दिवसात नेऊन पोहोचविते आणि आईवडिलांचा चेहरा रोज पाहता येतो. तरीही मूळचा प्रश्न बदललेला नाही. त्याच्या जाण्यासाठी कोणीतरी खर्च केलेला असतो, कोणाचे शेत गहाण पडलेले असते, कोणाच्या करातून शिष्यवृत्ती आलेली असते. ते ऋण पैशाने फिटते असे नाही. पाच-सहा महिने आपण काय पाहिले आणि त्यातील कोणती गोष्ट आपल्या गावाच्या कामी येईल, हे ज्याला सांगता येते, त्याचे सत्र सार्थकी लागले असे समजावे.

वळसंगच्या विहिरीत कोलंबिया विद्यापीठाचे पाणी नाही. ते तेथल्याच काळ्या जमिनीतून पाझरलेले आहे. परंतु ते पाणी सर्वांचे आहे, आणि ते मागण्यासाठी कोणापुढेही मान लववावी लागू नये, हे ठामपणे सांगणारी विद्या मात्र फार दूरचा प्रवास करून त्या काठावर आली होती.

स्वाध्याय

१. विद्यार्थी-विनिमय म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. परदेशात केलेला अभ्यास आपल्या विद्यापीठात कसा मोजला जातो?
३. ‘डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यास डोंगराचा आकार दिसत नाही’, या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. १९२७ सालच्या कोणत्या दोन घटना लेखकाने शेजारी ठेवल्या आहेत? का?
५. आपल्या गावातील एखाद्या विहिरीची अथवा तळ्याची हकीकत वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.