देशोदेशीचा मिडफिल्डर

2012 मध्ये रोहन रिकेट्स धेंपोकडून खेळायला गोव्यात आला. धेंपो तेव्हा आय-लीगचा गतविजेता होता. लंडनच्या या मिडफिल्डरने आर्सेनलच्या युवा संघातून सुरुवात केली, पण वरिष्ठ संघातून त्याला 2001 च्या लीग कपमधला एकच सामना मिळाला. मग तो टॉटनहॅमकडून प्रीमियर लीग खेळला. पुढे वुल्व्हज, बार्न्सली, 2008 मध्ये टोरांटो, नंतर हंगेरी, मोल्दोव्हा, जर्मनी, आयर्लंड. गोव्यानंतर इक्वेडोर, थायलंड, हाँगकाँग.

अशा कारकिर्दीला सरसकट उतरती कळा म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण वारंवार क्लब बदलण्याची सर्वांत मोठी किंमत मिडफिल्डर मोजतो.

स्ट्रायकरचं काम आकड्यांत मावतं. धेंपोच्याच रँटी मार्टिन्सने 2011-12 च्या आय-लीगमध्ये 32 गोल केले होते. एवढा आकडा सांगितला की कुठल्याही क्लबला पुरे. मिडफिल्डरचं कसब मात्र इतरांच्या पायांवर अवलंबून असतं. डावा बॅक चढाईला कधी निघतो, स्ट्रायकरला चेंडू पायात हवा की पुढच्या मोकळ्या जागेत, दबाव आला की स्टॉपर कुठल्या बाजूला वळतो, हे अंगवळणी पडायला महिने जातात. अनोळखी तबलजीबरोबर पहिल्याच मैफलीला बसावं, तसं हे. त्यात करार सहा महिन्यांचा असेल तर सूर जुळेपर्यंत निघायची वेळ होते.

शिवाय परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. आय-लीगमध्ये त्या काळी चार परदेशी चालत, त्यातला एक आशियाई. एवढ्या थोड्या जागांत क्लब आधी गोल करणारा आणि गोल अडवणारा शोधतात. मधल्या फळीतल्या परदेशी खेळाडूने पहिल्या दोन-तीन सामन्यांतच छाप पाडावी, अशी अपेक्षा असते. हा त्या भूमिकेचा गैरसमज आहे, आणि तो फक्त आपल्याकडेच नाही.

पैशाचं दुखणं याहून गंभीर आहे. पूर्व युरोपात पगार थकल्याबद्दल रिकेट्सने स्वतः जाहीरपणे लिहिलं. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफप्रोने, 2016 मध्ये सुमारे 14 हजार व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 41 टक्के खेळाडूंना आधीच्या दोन वर्षांत पगार उशिरा मिळाला होता. महिन्याला हजार डॉलरही न कमावणारे 45 टक्के होते.

2018 मध्ये फिफाने नियम स्पष्ट केला: दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवस वाट पाहायची, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू करार मोडू शकतो. नियम चांगलाच आहे. पण थकबाकी वसूल होईपर्यंत घरभाडं थांबत नाही, म्हणून खेळाडू पुढचा क्लब गाठतो आणि तिथे पुन्हा नव्या दहा जणांच्या धावा ओळखायला लागतो.