खूण पुसली जाण्याआधी

अफझलगंज म्हटलं की डोळ्यांसमोर उस्मानिया हॉस्पिटल आणि मुसीवरचा पूल येतो. तिथून उप्पलच्या दिशेने गेलं की हब्सीगुड्याला सीसीएमबी, म्हणजे पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा लागते. १९७७ साली ती सुरू झाली. आपल्या घरांतली बायोटेक शिकणारी मुलं 'आज ब्लॉट लावलाय' म्हणतात, तेव्हा ती नेमकं काय करतात? ते समजून घेताना या संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाची आठवण काढावीच लागते.

आपण जेवतो, रक्तात इन्सुलिन वाढतं. ते पेशीच्या दारावरच्या प्रथिनाला चिकटलं की त्या प्रथिनावर फॉस्फेटचे छोटे गट बसतात आणि 'साखर आत घ्या' हा निरोप पुढे जातो. यालाच फॉस्फोरिलेशन म्हणतात. फॉस्फेट बसवणारी एन्झाइम्स म्हणजे कायनेज, काढणारी म्हणजे फॉस्फटेज.

ही खूण फार बारीक असते. प्रथिनाचं वजन ५०,००० डाल्टन असेल, तर फॉस्फेटने त्यात जेमतेम ८० ची भर पडते. म्हणून वजनापेक्षा ओळखीवर भर देतात. फॉस्फेट बसलेला प्रथिनाचा तुकडा सशाला टोचला की त्याचं शरीर प्रतिपिंडं तयार करतं. त्यांतली फक्त फॉस्फेटवालं रूप ओळखणारी निवडून घेतात. प्रथिनं जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून पातळ पडद्यावर उतरवतात आणि त्यावर हे प्रतिपिंड सोडतात. मग सशाच्या प्रतिपिंडाला धरणारं दुसरं, खूण लावलेलं प्रतिपिंड येतं. त्याला जोडलेल्या एन्झाइममुळे रसायनातून प्रकाश निघतो आणि पट्टी दिसते.

खरी अडचण त्याआधीच येते. पेशी फोडली की फॉस्फटेज मोकळे होतात आणि खूण पुसायला लागतात. १९८२ साली घनश्याम स्वरूप यांनी अमेरिकेत स्टॅन्ले कोहेन आणि डेव्हिड गार्बर्स यांच्यासोबत दाखवलं, की व्हॅनडेट हे क्षार टायरोसिनवरचं फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला रोखतं. पुढे स्वरूप यांनी सीसीएमबीत अनेक वर्षं याच एन्झाइम्सवर काम केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत नमुना बर्फावर ठेवून त्यात व्हॅनडेट घालतात.

एवढी काळजी कशासाठी? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक बिघडलेलं कायनेज सतत फॉस्फेट बसवत राहतं. त्याला रोखणारं इमॅटिनिब अमेरिकेत २००१ साली मंजूर झालं. अशा औषधाने खुणा कमी झाल्या का, हे याच प्रतिपिंडांनी तपासतात. पण नमुना टेबलावर तसाच राहिला, तर खुणा आपोआप पुसल्या जातील आणि निरुपयोगी औषधही गुणकारी वाटेल.

म्हणून त्याच प्रथिनाचं एकूण प्रमाणही सोबत मोजतात. प्रथिनच कमी असेल तर पट्टी फिकी दिसणारच. शिवाय पडद्यावरच्या रिकाम्या जागा भरायला साधारणपणे दुधाची पावडर वापरतात, पण दुधातल्या केसीनवरच फॉस्फेट असतं. काही प्रतिपिंडं त्यालाच चिकटतात, म्हणून इथे बऱ्याचदा दूध टाळतात.

तेव्हा घरातली मुलगी रात्री उशिरा येऊन 'नमुना बर्फावरून हलवता येत नव्हता' म्हणाली, तर ते निमित्त समजू नका.