बारा वाजून एक घटिका

खामगावात मे महिन्यात दुपारी अडीचला वाजणारा गजर कुणी ऐकत नाही. मी तरी ऐकला नाही. एका उन्हाळ्यात मोठ्या हौसेने फोनमध्ये तीन गजर लावले होते. सव्वाएकला जेवण, अडीचला पुन्हा कामाला सुरुवात आणि चारला बाहेरची कामं. पहिला वाजायच्या आधीच पोटाने वर्दी दिलेली असायची. तिसरा वाजला की मी खिडकीतून रस्त्याकडे बघायचो आणि पुन्हा आत यायचो. मधल्याची तर पंधरा दिवसांत अशी सवय झाली, की झोपेतच अंगठा बरोबर जागेवर जायचा. स्वतःला आळशी म्हणून मोकळा झालो असतो. पण जरा हिशेब मांडून पाहिला तेव्हा कळलं, की दोष सगळा माझा नव्हता. गजर घड्याळाला विचारून लावले होते. सूर्याला आणि शरीराला विचारलंच नव्हतं.

आधी सूर्याचं बघू. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. खामगाव आहे साधारण ७६.५७ अंशांवर. फरक सहा अंशांहून थोडा कमी. एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटं लागतात. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा खामगावचा खरा मध्यान्ह सरासरी २४ मिनिटं दूर असतो. चोवीस मिनिटांना आपल्याकडे जुनं नाव आहे, घटिका. दिवसाच्या साठ घटिका. लग्नात पाण्यावर वाटी तरंगत ठेवून मोजायचे, ती हीच. तेव्हा खामगावचे खरे बारा म्हणजे घड्याळाचे बारा आणि वर एक घटिका. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे हा आकडा वर्षभर हलतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह १२ वाजून ७ मिनिटांच्या आसपास होतो, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.३८ला. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, ज्या दिवशी सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली पायाखाली गडप होते, त्या दिवशी १२.२०च्या सुमारास.

पण ऊन आणि ताप एकाच वेळी टोकाला जात नाहीत. सूर्य कलू लागला तरी जमीन, पत्रे, डांबर, भिंती तापतच राहतात. जेवढी उष्णता बाहेर जाते त्यापेक्षा जास्त आत येत असते, तोवर पारा चढतो. त्यामुळे दिवसाचं सर्वाधिक तापमान अडीच ते चारच्या दरम्यान येतं. माझा चारचा गजर मला नेमका त्या भट्टीत ढकलत होता. जुनी माणसं ‘तिसऱ्या प्रहरी निघू नका’ म्हणायची ती उगीच नाही. बारा ते तीन हा दिवसाचा तिसरा प्रहर. वऱ्हाडात उन्हाळ्यात तो संपला तरी त्याची शेपूट पाचपर्यंत लांबते.

आता शरीर. दुपारची गुंगी भरपेट जेवणामुळे येते असं आपण मानतो आणि भाकरी-ठेच्यावर खापर फोडतो. जेवण थोडी भर घालतं, पण मूळ कारण आतल्या घड्याळात आहे. न जेवलेल्या माणसालाही दुपारी एक ते तीन-चारच्या दरम्यान ही घसरण जाणवते. पेशींमधलं हे चोवीस तासांचं घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. रात्रीच्या गाढ झोपेसारखीच, पण खूप हलकी अशी एक लाट दुपारी येते. त्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपासचं तापमान मिसळा, मग अडीचला ‘कामाला लागा’ असा गजर लावणाऱ्याने कुणाशी भांडण मांडलंय ते ध्यानात येईल.

नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर एक प्रयोग केला होता. उड्डाणात आळीपाळीने चाळीस मिनिटांची विश्रांती दिली. त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढच्या टप्प्यात न झोपलेल्यांपेक्षा बरेच सावध राहिले. सव्वीस मिनिटं, म्हणजे एक घटिका आणि वर दोन मिनिटं! झोप अर्ध्या तासापलीकडे गेली की गाढ होऊ लागते आणि तिथून उठवलं तर डोकं जड राहतं. म्हणून वामकुक्षी ठीक, पांघरूण नको. आयुर्वेदानेही दिवसा झोपायला मनाई केली, पण ग्रीष्माला सूट दिली.

इथवर सगळं शास्त्र झालं. पण दुपारचा गजर मुळात कुणासाठी वाजायचा, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खामगावसारख्या कापसाच्या गावात त्याचं उत्तर इतिहासात आहे. जलंबहून खामगावला येणारा छोटा रेल्वेफाटा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. फाटा कशाला, तर कापसाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडकडे निघाला. त्याच्याबरोबर रेल्वेची वेळही गावात आली. रेल्वे तेव्हा मद्रासच्या वेळेवर चालायला लागली होती, खामगावच्या सूर्याच्या पाव तास पुढे. मग कापसातून सरकी काढणारे जिन आले, रुईच्या गाठी बांधणारे प्रेस आले. कापूसपट्ट्यात त्यांचा भोंगा हेच गावाचं घड्याळ होऊन बसलं. जिनात पाय न ठेवलेली बाईसुद्धा त्या आवाजावर चूल पेटवायची.

पण भोंगा झाला म्हणजे सुटी झाली, असं सुरुवातीला नव्हतं. १८८४-८५च्या मुंबई कारखाना आयोगापुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनांची जी माहिती आली, ती वाचवत नाही. ऐन हंगामात बायकांना पहाटेपासून रात्री दहापर्यंत आणि कधी अहोरात्र राबवलं जात होतं. शिवाय १८८१चा पहिला कारखाना कायदा वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. हंगामी जिनांना ही पळवाट सोयीची होती.

त्याच १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. आयोगाला अर्ज गेला, त्यावर पाच हजारांहून अधिक सह्या होत्या. रविवारच्या सुटीची मागणी आपल्या लक्षात राहिली, कारण १८९० साली ती मिळाली. पण अर्जात आणखी एक कलम होतं, दुपारी अर्धा तास विश्रांतीचं. १८९१च्या कायद्यात तीही आली. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याच्या ५५व्या कलमानुसार सलग पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नसे, मध्ये निदान अर्ध्या तासाची सुटी द्यावीच लागे. दुपारचा भोंगा कामगारांनी भांडून मिळवला, तो थांबण्यासाठी.

मालकाच्या घड्याळावरून भांडणंही झाली. १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ती ३९ मिनिटं पुढे होती. त्या जानेवारीत काही गिरणी कामगारांनी नव्या घड्याळाविरुद्ध दंगा केला. घड्याळ कुणीही कितीही पुढे करो, आपली झोप ३९ मिनिटं आधी मोडणार, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. मुंबई महापालिकेने तर जुनी वेळ पुढची चाळीसहून अधिक वर्षं धरून ठेवली.

भोंगा आणि फोनचा गजर यांत फरक काय, तर भोंगा सगळ्यांना एकदम ऐकू जायचा. शेजारी उठला की आपणही उठायचो. फोन एकट्यालाच बोलावतो आणि एकट्याला नकार देणं सोपं असतं. स्नूझ ही सोयच त्यासाठी आहे. १९५६ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने असं घड्याळ बाजारात आणलं, तेव्हापासून माणूस स्वतःशीच घासाघीस करतो आहे. शिवाय सारखा वाजणारा गजर हळूहळू ऐकूच येईनासा होतो. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांचंही असंच होतं. यंत्रं दिवसभर इतकी वाजतात, की खरा इशारा कानावर पडूनही मनापर्यंत पोचत नाही. माझ्या तीन गजरांचं काय घेऊन बसलात!

सगळ्यांनी मिळून ऐकायचा भोंगा आजही चालतो, याचा पुरावा सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. दीड तासाने, साडेआठला, दुसरा भोंगा. मधल्या वेळेत पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं गप्पा मारतात. सुरुवातीला घरोघरी जाऊन समजवावं लागलं. नुसत्या आवाजाने काही झालं नसतं. पण शेजारच्या घरातला टीव्ही बंद झालेला दिसला की आपला चालू ठेवायला संकोच वाटतो. हा संकोच कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.

मी आता गजर दोनच ठेवलेत. पहिला उन्हाळ्यात १२.२०ला आणि त्यावर लिहिलंय ‘थांब’. काय करायचं ते नाही, फक्त काय सोडायचं ते. लिहिण्याचं, हिशेबाचं, डोकं लागेल असं सगळं त्याआधी, सकाळी. दुसरा दोन वाजून दहाला, झोप लागल्यावर घटिकाभराने उठवणारा. तो वाजला की पहिलं काम ठरलेलं आहे. रांजणातलं पाणी तोंडावर मारायचं, मग पावत्या लावायच्या, फोन करायचे, फार डोकं न लागणारं काहीबाही. ‘काम कर’ असं मोघम लिहिलेला गजर मी बंद करायचो. ‘रांजणापाशी जा’ हे मात्र पाय ऐकतात. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी हेच अभ्यासून दाखवलंय, की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असा नेमका बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पार पडतो. बाहेरची कामं साडेपाचनंतर.

आणखी एक बदल केला. फोन उशाशी न ठेवता मधल्या घरात फळीवर ठेवतो, आवाज मोठा करून. बंद करायला उठून जावं लागतं आणि तोवर घरातल्या सगळ्यांना ऐकू येतो. सुरुवातीला त्यावरून कटकट झाली. आता दोन-दहाला जरा उशीर झाला, तर आतून आईच विचारते, “झाला काय रे भोंगा?” आणि चहाचं आधण ठेवते.