मस्तिष्काघात, बालकांतील

मस्तिष्काघात, बालकांतील : मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडल्यामुळे किंवा मेंदूतील रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाल्यामुळे त्या भागाच्या कार्यात जो आकस्मिक बिघाड होतो, त्याला मस्तिष्काघात म्हणतात. बोली भाषेत यालाच ‘अंगावरून वारे जाणे’ असे म्हणतात. हा विकार उतारवयातच होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु तो कोणत्याही वयात, इतकेच नव्हे तर गर्भावस्थेतही, होऊ शकतो. गर्भधारणेच्या विसाव्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या २८ व्या दिवसापर्यंत होणाऱ्या आघातास प्रसवकालीन मस्तिष्काघात व त्यानंतर वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत होणाऱ्या आघातास बालवयीन मस्तिष्काघात असे म्हणतात. दोहोंची कारणे, लक्षणे व चिकित्सा पुष्कळच भिन्न असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा आहे.

पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार रोहिणी बंद पडून होणारा आघात दर लाख बालकांमागे वर्षाला साधारणतः १ ते २ जणांना होतो. नवजात अर्भकांत हे प्रमाण बरेच अधिक असून सुमारे २,५०० ते ४,००० जिवंत जन्मांमागे एक असे ते आढळते. प्रौढांमध्ये सु. ८५ टक्के आघात रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे होतात. बालकांत मात्र रक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ निम्मे असते.

इतिहास : इ. स. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी बालकांतील मस्तिष्कजन्य अंगघातांवरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. त्यानंतर पुढे मनोविश्लेषणामुळे ख्यातनाम झालेले सिग्मंड फ्रॉइड यांनी ऑस्कर री यांच्याबरोबर १८९१ मध्ये बालकांतील अर्धांगवाताचा अभ्यास प्रसिद्ध केला व १८९७ मध्ये बालकांतील मस्तिष्कजन्य अंगघातावर विस्तृत ग्रंथ लिहिला. त्या काळी मेंदूतील विकृती मृत्यूनंतरच्या शवपरीक्षेतच दिसू शके. १९७१ मध्ये संगणकीय छेददर्शनाचा व पुढील दशकात चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाचा रुग्णांसाठी उपयोग सुरू झाल्यावर जिवंत बालकाच्या मेंदूतील विकृती पाहणे शक्य झाले आणि हा विकार पूर्वी वाटत होता तितका विरळा नाही, हे लक्षात आले.

विकृतिविज्ञान : मेंदूच्या कोशिकांजवळ ऑक्सिजन व ग्लुकोज यांचा साठा जवळजवळ नसतो. प्रौढाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सु. २ टक्केच असूनही विश्रांत अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सु. २० टक्के ऑक्सिजन तो वापरतो. बालवयात हे प्रमाण याहून बरेच जास्त असते. रक्तप्रवाह पूर्ण थांबला, तर काही मिनिटांतच कोशिका मरू लागतात. या ऊतकमृत्यूला अभिकोथ म्हणतात. अभिकोथाच्या भोवती बहुधा असा एक पट्टा असतो की, ज्यातील कोशिकांचे कार्य थांबलेले असते. परंतु त्या अद्याप जिवंत असतात. शेजारच्या वाहिन्यांतून त्यांना थोडेफार रक्त मिळत राहते. चिकित्सेचा सारा प्रयत्न हा पट्टा वाचविण्यासाठी असतो व म्हणूनच वेळेला अतिशय महत्त्व आहे.

कारणे : प्रौढांतील आघातामागे सामान्यतः उच्च रक्तदाब, मधुमेह व रोहिणीकाठिण्य ही कारणे असतात. बालकांत ती क्वचितच आढळतात. पुष्कळ मुलांत एकापेक्षा अधिक कारणे एकत्र आलेली असतात. प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) हृद्‌विकार : जन्मजात हृद्‌विकार, हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुजन्य शोथ (दाहयुक्त सूज) आणि संधिवातज्वरजन्य झडपांचे विकार यांमध्ये हृदयात तयार झालेली गुठळी रक्तप्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन रोहिणी बंद पाडते (अंतर्कीलन). फॅलो चतुष्कासारख्या नीलत्वचायुक्त विकारांत तांबड्या कोशिकांची संख्या वाढून रक्त घट्ट होते. अशा बालकास जुलाब व ओकाऱ्या होऊन शरीरातील पाणी कमी झाल्यास धोका आणखी वाढतो.

(२) रोहिणींचे विकार : पूर्वी निरोगी असलेल्या मुलांत हे कारण वारंवार आढळते. कांजिण्यांनंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, विशेषतः वर्षभराच्या आत, ग्रीवा रोहिणीच्या मस्तिष्कातील टोकाशी व मध्य मस्तिष्क रोहिणीच्या आरंभी एका बाजूस संकोच होऊन आघात होतो. मानेला हिसका बसल्याने वा मार लागल्याने रोहिणीचा आतील स्तर फाटूनही गुठळी बनते. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथात मेंदूच्या तळाशी साचलेल्या घट्ट स्रावात रोहिणी वेढल्या जाऊन त्यांचा शोथ होतो. भारतात हे कारण विसरून चालत नाही.

मोयामोया या विकारात दोन्ही ग्रीवा रोहिणींची मस्तिष्कातील टोके हळूहळू अरुंद होत जातात व त्यांची उणीव भरून काढण्यासाठी बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. वाहिनीचित्रणात हे जाळे धुराच्या लोटासारखे दिसते व त्यावरूनच जपानी भाषेतील हे नाव पडले. १९५७ मध्ये जपानमध्ये या विकाराचे प्रथम वर्णन झाले व १९६९ मध्ये सुझुकी व ताकाकू यांनी त्याला हे नाव दिले. अशी मुले रडताना, जोरजोरात श्वास घेताना वा गरम पदार्थ फुंकून खाताना काही मिनिटे हातापायातील शक्ती गमावतात. वेगवान श्वसनाने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होऊन मस्तिष्क वाहिन्या आकुंचन पावतात, हे त्याचे कारण होय.

(३) रक्ताचे विकार : दात्र-कोशिका पांडुरोग (ज्यात तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात असा आनुवंशिक रोग) हे जगभर बालवयीन आघाताचे एक प्रमुख कारण आहे. अमेरिकेतील अभ्यासात प्रतिबंधक उपाय न झालेल्या रुग्णांपैकी सु. ११ टक्क्यांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत आघात झाल्याचे दिसून आले. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार या भागांत, विशेषतः आदिवासी जमातींत, हा रोग आढळतो. भारतातील पुष्कळ रुग्णांत गर्भीय हीमोग्लोबिनाचे प्रमाण जास्त असल्यामुळे आघात तुलनेने कमी होतात. तथापि धोका पूर्णपणे टळत नाही. लोहन्यूनताजन्य पांडुरोग आणि क्लथनरोधक प्रथिनांची (प्रथिन सी, प्रथिन एस व अँटिथ्राँबिन यांची) जन्मजात उणीव हीदेखील कारणे आहेत.

(४) किरकोळ पडणे : सहा महिने ते दोन वर्षे वयाचे मूल पलंगावरून वा चालता चालता पडते आणि काही मिनिटांत ते काही तासांत त्याचा एका बाजूचा हात व पाय लुळा पडतो, अशी उदाहरणे भारतातून बरीच नोंदली गेली आहेत. या बालकांत मेंदूच्या खोल भागातील गुच्छिकांना (तंत्रिका कोशिकांच्या पुंजांना) रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म रोहिणींच्या भित्तीत कॅल्शियमाचे बारीक कण साचलेले दिसतात. बहुतेक मुले चांगली सुधारतात.

(५) नीलांतील क्लथन : मेंदूतील रक्त वाहून नेणाऱ्या नीला-कोटरांत रक्त साखळल्यासही आघात होतो. तीव्र निर्जलीभवन, कानाच्या मागील हाडापर्यंत पोहोचलेला कर्णशोथ आणि लघवीवाटे प्रथिने जाणारा मूत्रपिंडविकार ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

(६) रक्तस्राव : मोठ्या मुलांत रोहिणी-नीला यांचे जन्मजात विकृत गुंते हे सर्वांत महत्त्वाचे कारण असते. हीमोफिलिया, बिंबाणूंची न्यूनता आणि श्वेतकोशिकार्बुद यांतही रक्तस्राव होतो. जन्मानंतर दोन आठवडे ते सहा महिने या काळात, केवळ अंगावर पिणाऱ्या व जन्मतः के जीवनसत्त्वाचे अंतःक्षेपण न मिळालेल्या अर्भकांत अचानक मस्तिष्कांतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. ही आपत्ती जवळजवळ पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे.

लक्षणे : लक्षणे वयानुसार बदलतात. मोठ्या मुलांत चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, एका बाजूचा हात व पाय एकाएकी दुर्बल होणे, बोलणे अडखळणे वा बंद पडणे, दृष्टी अंधुक होणे, तोल जाणे ही लक्षणे प्रौढांप्रमाणेच असतात. त्यांखेरीज डोकेदुखी व आकडी बालकांत अधिक वेळा आढळतात. अकस्मात तीव्र डोकेदुखी, ओकाऱ्या व झपाट्याने वाढणारी गुंगी ही लक्षणे रक्तस्राव सुचवितात.

नवजात अर्भकात अंगघात सहसा दिसून येत नाही. जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत एकाच हाताला वा पायाला वारंवार झटके येणे हे मुख्य लक्षण असते. काही अर्भके सुरुवातीला अगदी निरोगी वाटतात व चौथ्या ते सहाव्या महिन्यात मूल एकाच हाताने वस्तू पकडते, दुसऱ्या हाताची मूठ वळलेलीच राहते, असे आईच्या लक्षात येते. वर्षाच्या आत मूल ‘डावखुरे’ वा ‘उजवे’ झाले, तर ते कौतुकाचे नसून तपासणी करून घेण्यासारखे लक्षण आहे.

निदान : बालकांत निदानास अनेकदा एका दिवसाहून अधिक विलंब होतो. मुलास आघात होऊ शकतो, ही शक्यताच पालकांच्या व कित्येकदा वैद्यांच्याही मनात येत नाही. तेल चोळणे, धागेदोरे करणे यांत मोलाचा वेळ जातो. दुसरी अडचण अशी की, अर्धशिशी, आकडीनंतरचा तात्पुरता अंगघात, मस्तिष्कशोथ, मेंदूतील अर्बुद, रक्तातील ग्लुकोज कमी होणे व चेहऱ्याच्या तंत्रिकेचा अंगघात यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून लक्षणांचा आरंभ नेमका केव्हा झाला, अलीकडे कांजिण्या, ताप वा इजा झाली होती काय, याची विचारपूस करणे आवश्यक असते. रक्तातील ग्लुकोज ताबडतोब तपासतात.

संगणकीय छेददर्शन त्वरित करता येते व त्यात रक्तस्राव स्पष्ट दिसतो. परंतु पहिल्या काही तासांतील अभिकोथ त्यात दिसेलच असे नाही. छेददर्शन निर्दोष आले म्हणून आघात नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात, विशेषतः पाण्याच्या रेणूंच्या विसरणावर आधारलेल्या पद्धतीत, अभिकोथ फार लवकर ओळखता येतो व त्याच वेळी रोहिणी आणि नीला यांचेही चित्रण करता येते. लहान मुलास या तपासणीसाठी बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागते. नवजात अर्भकात टाळूतून श्राव्यातीत ध्वनीने केलेल्या तपासणीत रक्तस्राव दिसतो. पण मेंदूच्या पृष्ठभागाजवळील अभिकोथ निसटू शकतो.

आघात निश्चित झाल्यावर कारण शोधण्यासाठी हृदयाचे श्राव्यातीत चित्रण व विद्युत् हृल्लेखन, रक्तकोशिकांची गणना, हीमोग्लोबिनाचे विद्युत् संचारण, क्लथनविषयक तपासण्या आणि जरूर तेव्हा मस्तिष्क-मेरुद्रवाची तपासणी करतात. मोयामोया वा वाहिन्यांचे गुंते असल्यास नलिका घालून वाहिनीचित्रण करावे लागते.

चिकित्सा : प्रथम श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, ऑक्सिजनाची पातळी, रक्तदाब व रक्तातील ग्लुकोज योग्य राखणे, ताप उतरविणे, शरीरातील पाण्याची उणीव भरून काढणे व आकडी थांबविणे हे उपाय करतात. गिळण्याची क्षमता तपासल्याखेरीज तोंडाने काहीही देऊ नये.

रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर बहुतेक बालकांना अल्प मात्रेत (शरीराच्या प्रत्येक किग्रॅ. वजनास दररोज १ ते ५ मिग्रॅ.) ॲस्पिरीन देतात. हृदयातून आलेली गुठळी, मानेतील रोहिणी फाटणे व नीलांतील क्लथन यांत बहुधा हेपारीनासारखी क्लथनरोधके वापरतात. ॲस्पिरीन चालू असताना कांजिण्या वा इन्फ्ल्यूएंझा झाल्यास यकृत व मेंदू यांना इजा करणारे राय संलक्षण उद्‌भवण्याचा धोका असतो. म्हणून अशा वेळी वैद्याचा सल्ला ताबडतोब घेणे जरूर असते. नवजात अर्भकातील रोहिणीजन्य आघात पुन्हा होण्याची शक्यता फारच थोडी असल्यामुळे त्यांना सामान्यतः ही औषधे देत नाहीत.

प्रौढांत पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळविणारे औषध देतात. बालकांत या औषधाची सुरक्षित मात्रा ठरविण्यासाठी योजलेली चाचणी पुरेसे रुग्ण वेळेत न मिळाल्यामुळे २०१३ मध्ये थांबवावी लागली. त्यामुळे त्याचा उपयोग निवडक मुलांत व अनुभवी केंद्रांतच करतात. मोठी रोहिणी बंद पडली असल्यास नलिकेद्वारे गुठळी ओढून काढण्याचा उपचार काही मुलांत यशस्वी झाला आहे.

दात्र-कोशिका पांडुरोगात रक्ताची अदलाबदल करून दात्र-हीमोग्लोबिनाचे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आणतात. मोयामोयात औषधांचा उपयोग मर्यादित असून टाळूच्या त्वचेतील रोहिणी मेंदूच्या पृष्ठभागावर आणून वा मस्तिष्क रोहिणीस जोडून नवा रक्तपुरवठा निर्माण करतात. रक्तस्रावात क्लथनदोष दुरुस्त करणे, दाब वाढल्यास रक्ताची गाठ काढणे आणि विकृत वाहिन्यांचे शस्त्रक्रियेने, नलिकेद्वारे वा केंद्रित प्रारणाने निर्मूलन करणे हे उपाय आहेत. क्षयजन्य आघातात क्षयविरोधी औषधांबरोबर स्टेरॉइडे देतात.

पुनर्वसन : प्रकृती स्थिर होताच व्यायामोपचार, व्यवसायोपचार व वाचा-उपचार सुरू करतात. चांगला हात काही काळ बांधून ठेवून दुबळ्या हाताला काम करावयास लावणे, ही पद्धत लहान मुलांत खेळाच्या रूपाने परिणामकारक ठरते. शाळेत परत जाणे हा चिकित्सेचाच भाग समजला पाहिजे. मूल चालू लागले म्हणजे बरे झाले, असे नव्हे. अवधान, स्मरण व लेखन यांतील उणिवा वर्गात बसल्यावरच उघड होतात व शिक्षकांना त्या आळसासारख्या वाटतात.

फलानुमान : रोहिणी बंद पडून होणाऱ्या आघातापेक्षा रक्तस्रावात मृत्यूचे प्रमाण अधिक असते. वाचलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत काही ना काही दोष उरतो. काहींना पुढे अपस्मार होतो. पुनरावृत्तीचा धोका रोहिणींचे विकार असलेल्या मुलांत सर्वांत जास्त असतो. मार्गारेट केनर्ड यांनी १९३६ च्या सुमारास माकडांवर केलेल्या प्रयोगांवरून अल्पवयात झालेली मेंदूची इजा अधिक चांगली भरून निघते, असे मत रूढ झाले. ते अंशतःच खरे आहे. जन्मसमयी डाव्या गोलार्धास इजा झाली, तर भाषेचे कार्य उजवा गोलार्ध उचलतो व मूल बोलू लागते. परंतु ज्या भागांची कार्ये अद्याप विकसित व्हावयाची असतात, त्यांच्या इजेचे परिणाम मूल वाढेल तसे दिसू लागतात. म्हणून अशा मुलांची अनेक वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते.

प्रतिबंध : जन्मतःच के जीवनसत्त्वाचे अंतःक्षेपण, जुलाबांत जलसंजीवनी, पांडुरोगावर लोहयुक्त औषधे, क्षय व कर्णशोथ यांवर वेळीच उपचार आणि जन्मजात हृद्‌विकारांवर शस्त्रक्रिया यांनी अनेक आघात टळतात. दात्र-कोशिका पांडुरोगात दोन ते सोळा वर्षे वयाच्या मुलांची कवटीवरून श्राव्यातीत तपासणी करून मस्तिष्क रोहिणीतील रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंमी. किंवा अधिक असल्यास नियमित रक्ताधानाने आघाताचा धोका सु. ९० टक्क्यांनी घटतो, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत सिद्ध झाले. वर्षभर रक्ताधान झालेल्या व गंभीर वाहिनीविकार नसलेल्या मुलांत त्याऐवजी हायड्रॉक्सियूरिया देता येते, असे २०१६ मध्ये दिसून आले. भारतात २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय दात्र-कोशिका पांडुरोग निर्मूलन मोहिमेत हा रोग लवकर ओळखण्यासाठी व्यापक रक्ततपासणी करण्यात येते.

मुलाच्या चेहऱ्यात, हातात वा बोलण्यात एकाएकी फरक पडल्यास तो काही वेळाने नाहीसा झाला तरीही, त्याला विलंब न लावता मेंदूच्या प्रतिमादर्शनाची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे, हाच या विकारावरील पहिला व सर्वांत मोलाचा उपाय होय.